भंडारा जिल्हा: एवढे तलाव, एवढा पाऊस, तरी सगळं एकाच पिकावर का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण विचारतोच.

मी मूळचा वाई तालुक्यातला. बँकेत शेतीकर्जाचं काम बघतो, गेल्या जूनमध्ये बदली होऊन भंडारा जिल्ह्यात आलो, शाखा साकोलीच्या पुढं एका गावात आहे. आल्या आल्या डोळ्यात भरलं ते इथलं पाणी. आमच्याकडं पाणी म्हणजे धरण, कॅनॉल नाहीतर विहीर, इथं बघावं तिकडं गावाला तलाव, काही गावांना दोन दोन, शिवाय शेतात छोट्या बोड्या वेगळ्याच. पाऊस वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास, आमच्या माण-खटावच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मधून वैनगंगा वाहते, बारमाही.

आणि तरी माझ्या टेबलावर येणारी बहुतेक सगळी प्रकरणं एकसारखी. पीक धान, हंगाम खरीप, जमीन दीड-दोन एकर. ऑगस्टमध्ये पाऊस पंधरा दिवस लांबला की लोक येऊन सांगतात साहेब रोवणी (धानाची लावणी) थांबली, आणि त्याच गावाचा तलाव मी येताना रस्त्यावरून बघितलेला असतो. दिवाळीनंतर तरुण पोरं नागपूर, बुटीबोरी, कुणी हैदराबादकडं निघून जातात.

जिल्हा काही मोठा नाही. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा झाल्यावर सातच तालुके उरले, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२,००,३३४. मग एवढ्याशा जिल्ह्यात एवढं पाणी असताना अडतं कुठं? आकडे माझ्याकडं आहेत, मला इथं जन्मलेल्या माणसांकडून ऐकायचंय. ज्याला कर्ज देतोय त्याचं पीक कशाच्या जिवावर उभं आहे हेच कळत नसेल तर मी नुसत्या सह्या करतोय असं वाटत राहतं.

धानकरी

नमस्कार भाऊ, लाखांदूर तालुक्यातला आहे, तीन एकर धान आहे घरी. तुम्ही तलाव पाहिले हे चांगलं केलं पण तलाव मोजून आमचा जिल्हा समजत नाही जी, तलावाचं तुडूम कोण उघडते हे विचारा लागते. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची जागा.

थोडं मागून सांगतो. हे तलाव सरकारनं बांधलेले नाहीत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात सांगत आले की जो झाडी तोडून गाव वसवेल आणि तलाव बांधेल त्याला त्या तलावाखालची जमीन मिळेल. त्यावेळेस कोहळी समाजाचे लोक यात पुढं होते, आमचे म्हातारे सांगतेत की आपले पूर्वज काशीकडून आले. खरंखोटं कागदावर शोधत बसू नका, पण पाळ कुठं टाकायची, उतार कोणता, वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी सलंगातून, म्हणजे सांडव्यातून, निघून खालच्या तलावात कसं जाईल, हे त्या लोकांना असं समजत होतं की आजही वरचा एक तलाव फुटला की खालचे दोन-तीन धोक्यात येतेत, इतकी ती साखळी पक्की आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे ६ हजारांच्या वर तलाव आहेत. पुढं भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या काळात गावं मालगुजारांकडं, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडं, गेली म्हणून आता नाव मालगुजारी तलाव.

मालगुजार काही देव नव्हता, वेठ घेत होता, हे पण लिहून ठेवा. पण उन्हाळ्यात पाळीची डागडुजी व्हायची, गाळ निघायचा, तो बैलबंड्यांनी ज्याच्या त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, जायचा. पाणी वाटायला गावाचा पाणकर राहायचा, त्याला प्रत्येक घरून धान मिळायचं. तलावाचं पाणी कोणाच्या कोणत्या बांधीला, गुरांना किती, धुण्याला कुठं, हे सगळं वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावाच्या हक्कांच्या नोंदीत लिहिलेलं राहायचं, त्याला निस्तार हक्क म्हणतेत.

मग १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली (त्यावेळेस आम्ही मध्यप्रदेशात होतो, महाराष्ट्राकडं नंतर आलो) आणि तलाव सरकारजमा झाले. १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडं, त्याच्यावरचे पाटबंधारे खात्याकडं. तोवर जे गावाचं होतं ते ऑफिसचं झालं. पाळ खचली तर अर्ज, अर्जावर अंदाजपत्रक, मग टेंडर, तोवर पावसाळा. पाणकर गेला. गाळ साचत गेला, माझ्या आज्याच्या वेळेस ज्या तलावात हत्ती बुडेल म्हणत होते तिथं आता फेब्रुवारीत गुरं चरतेत. वरच्या भागात अतिक्रमण झालं ते वेगळंच, आणि ज्यानं अतिक्रमण केलं तो काही परका नाही, आपलाच माणूस आहे, म्हणून कोणी बोलत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाला येतो. हे तलाव दोन पिकांसाठी बांधलेलेच नाहीत. पावसानं दगा दिला तर रोवणी वाचवायची आणि धान गर्भात असताना शेवटचं पाणी द्यायचं, तेवढ्यासाठी बांधले. ते शेवटचं पाणी मिळालं की घरात धान, नाही मिळालं की नुसती तनस, म्हणजे वाळला पेंढा. म्हणून ऑगस्टात जो माणूस तुमच्यापुढं येऊन बसते त्याची बांधी तलावाच्या पाटावर आहे का पाटाच्या शेवटी आहे का पाटाबाहेर आहे, हे विचारा. सातबाऱ्यावर ते दिसत नाही, दोघंही दीड एकरवालेच दिसतेत.

तुमसरकर

धानकरी भाऊंनी लिहिलेलं सगळं पटलं पण जिल्हा म्हणजे फक्त लाखांदूर-साकोली नाही, आम्ही उत्तरेकडचे नेहमी राहून जातो म्हणून लिहितोय.

तुमसर तालुक्यात वर जा, बावनथडी ओलांडली की मध्यप्रदेश. गावांत पोवार लोक भरपूर, घरात पोवारी बोलतात, मराठी शाळेत शिकतात. डोंगर सुरू होतात, आंबागडचा किल्ला तिकडेच आहे. आणि जमिनीखाली मँगनीज. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या दोन खाणी, मॉईल या सरकारी कंपनीच्या. मॉईल १९६२ ची पण तिच्या आधीची इंग्रजांची कंपनी १८९६ ची, म्हणजे आमच्याकडे खाण कामगारांच्या चार-चार पिढ्या आहेत. चिखल्याला माणसं जमिनीखाली उतरतात, डोंगरीला खाण उघडी आहे. डोंगरीचा माल बॅटरीच्या सेलसाठी चालतो, तुमच्या घरातल्या घड्याळात जो सेल आहे ना त्याच्यातली काळी पूड आमच्या गावची असू शकते. तुमसर रोडवरून तिरोडीला जी रेल्वे जाते ती याच मँगनीजच्या पट्ट्यातून जाते.

खाणीत पर्मनंट असलेल्या माणसाचं घर आणि त्याच गल्लीतलं ठेकेदाराकडच्या माणसाचं घर शेजारी शेजारी बघा, दोघं एकच काम करतात, दोघांच्या पोरांच्या शाळा वेगळ्या. माझे काका पर्मनंट होते, वडील नव्हते, मी हे घरातच बघितलंय.

दुसरं म्हणजे राईस मिल. तुमसरची धानाची बाजारपेठ जुनी आहे, आजूबाजूला मिलच मिल. सरकार आधारभूत केंद्रावर धान घेतं ते भरडाईला मिलवाल्यांना देतं, क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असा नियम. उन्हाळी धान भरडला की कणी जास्त होते कारण उन्हात दाण्याला चिरा जातात, मग ६७ किलो अख्खा तांदूळ आणायचा कुठून हे भांडण दर वर्षीचं. कधी मिलवाले धान उचलत नाहीत, गोदाम रिकामं होत नाही, गोदाम रिकामं नाही म्हणून केंद्र उशिरा सुरू होतं, आणि केंद्र उशिरा म्हणून शेतकरी व्यापाऱ्याला कमी भावात देऊन मोकळा होतो. तुमची वसुली का लांबते त्याचं एक कारण मिलच्या गेटवर उभं आहे बघा.

कारखाने पण आहेत, कोणी नाही म्हणत असेल तर चूक. वरठीला स्टील, गडेगावला अशोक लेलँड, देव्हाड्याला साखर कारखाना, जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ पासून. तिथे २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, ८ कामगार गेले. आमच्या ओळखीतल्या एका घरात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन लागत नव्हता, माणूस सुखरूप होता पण तो दिवस अजून अंगावर येतो.

भंडारा शहराची भांडी विसरू नका, पितळेची. एकेकाळी शहराची ओळखच ती होती, स्टील आल्यावर ठोक्यांचे आवाज कमी होत गेले. आणि मोहाडी-आंधळगावचा कोसा. लग्नात कोसा साडी असावी असं अजून वाटतं लोकांना, पण विणणाऱ्या कोष्ट्यांच्या घरी पुढची पिढी मागावर बसायला तयार नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा, एका साडीला लागणारे दिवस मोजा आणि हातात येणारे पैसे मोजा.

डोंगा

तलावाची गोष्ट निघाली आणि आमचं नाव नाही आलं म्हणून लिहून राहिलो. मी ढिवर समाजाचा, वडील मच्छीमार सोसायटीचे सभासद, मी पण आता आहे.

एका तलावाचे दोन मालक आहेत असं समजा. धानवाल्याला सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी पाहिजे, तुडूम उघडा म्हणते. आम्हाला पाणी मे महिन्यापर्यंत पाहिजे कारण मासोळी उन्हाळ्यात वाढते आणि तेव्हाच भाव राहते. दोघांचंही खरं आहे. आधी गावात बसून ठरायचं की इतकं पाणी मासोळीसाठी सोडून द्यायचं, आता लीज आमच्याकडं, पाणी खात्याकडं, आणि तुडूमाचा दांडा ज्याच्या हातात सापडला त्याच्याकडं.

लीजची रक्कम सोसायटीनं भरायची, मत्स्यबीज विकत आणायचं, रोहू, कतला, मृगळ. त्यांना खोल पाणी लागते आणि तलाव तर उथळ झाला. आमची जुनी मासोळी, मरळ म्हणा, लहान लहान जाती म्हणा, त्या काठच्या गवतात अंडी घालतेत, बीज विकत आणा लागत नव्हतं. ते गवतच गेलं. त्या जागी बेशरम नावाची झुडपं वाढली, एकदा पसरली की सुकलेल्या फांदीतून पण उगवते, काढता काढता हात सोलून निघतेत, पण मुळापासून नाही काढली तर दोन वर्षांत तितकीच. काही गावांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांसोबत आमच्या समाजातल्या बायामाणसांनी बेशरम काढून तलावात स्थानिक पाणवनस्पती लावल्या, तिथं मासोळी परत आली, पाखरं परत आली. मी स्वतः जाऊन पाहून आलो.

म्हणून गाळ काढायचा म्हटलं की आम्हाला भीती वाटते, खरं सांगतो. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना २०१७ ला आली, चांगलीच आहे, पण जेसीबीवाला पाळीपासून काठापर्यंत सपाट खरवडून नेते. मधात खोल करा, काठ राहू द्या, एवढंच म्हणणं आहे. काठावर आमचा शिंगाडा होते, काठावरच सारस चारा शोधते. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया-भंडारा आणि थोडासा चंद्रपूर, एवढ्यातच उरला, तोही आमच्याकडं बोटावर मोजण्याइतका. धानाच्या बांधीत घरटं करते तो, शेतकऱ्यानं सांभाळलं तर पिल्लू जगते.

आणि बँकेचे आहात म्हणून सांगतो, आमच्यातल्या बहुतेकांकडं सातबारा नाही. जाळं आहे, डोंगा आहे, सोसायटीचा हिस्सा आहे. मासेवाल्यांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळते असं ऐकलं, आमच्या भागातल्या एका शाखेत वडील गेले तर जमिनीचा कागद मागितला आणि परत पाठवलं.

कृष्णाकाठ

डोंगा भाऊ, मिळतं. मत्स्यव्यवसायाला केसीसी लागू आहे, २०१८-१९ पासून. सोसायटीचं सभासदत्व आणि तलावाच्या लीजची प्रत घेऊन वडिलांना माझ्याकडं घेऊन या, मी स्वतः फाईल बघतो.

बाकी तुम्हा तिघांचं वाचून दोनदा परत वाचलं. पाटाच्या शेवटी कोण आणि सुरुवातीला कोण, हा प्रश्न मी एकदाही विचारलेला नाही, हे कबूल करतो. आमच्याकडंही कॅनॉलच्या टेलला असणाऱ्याची दशा अशीच, पण तिथं ते मला माहीत होतं म्हणून विचारायची गरज पडली नाही.

आता एक प्रश्न उरलाच. तलाव दोन पिकांसाठी नाहीत हे कळलं, मग गोसीखुर्द धरण कशासाठी आहे? ते तर याच जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. ते असताना दुसरं पीक का नाही?

पवनीकाठ

गोसीखुर्दचं मी सांगते, कारण आमचं गाव त्या पाण्याखाली आहे.

२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. आई सांगते की गावातून ट्रॅक्टर भरून लोक बघायला गेले होते. तेव्हाचा खर्च ३७२ कोटी सांगितला होता, आता तो १८ हजार कोटींच्या वर गेलाय. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला. धरण ११ किलोमीटरपेक्षा लांब, ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलेलं, पण ते एकट्या भंडाऱ्याचं नाही, नागपूर आणि चंद्रपूरपण आहे त्यात. उजवा कालवा जवळजवळ १०० किलोमीटरचा, तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या आसोलामेंढा तलावाकडे जातो. आमच्या जिल्ह्याला डावा कालवा आणि नेरला, टेकेपारसारख्या उपसा योजना. म्हणजे दादा, धरण दारात असलं तरी पाण्याला कालवा लागतो, कालव्याला वितरिका लागते, वितरिकेला शेतापर्यंत पाट लागतो. दारातल्या धरणापासून शेतातल्या पाटापर्यंत येता येता माझ्या वयाची मुलं बापे झाली. जिथे पाणी पोचलंय तिथे उन्हाळी धान दिसतो, ते तुम्ही जाऊन बघा, हिरवंगार असतं. पण बुडालं ते काय होतं ते कोणी विचारत नाही. वैनगंगेच्या काठची गाळाची जमीन होती आमची, त्यात वांगी, मिरची, हरभरा, गहू, दोन काय तीन पिकं निघायची. तुम्ही जे दुसरं पीक शोधताय ना, ते इथेच होतं.

पुनर्वसनाच्या गावठाणात घराला प्लॉट मिळाला, शेत नाही. पैसे आले ते घर बांधण्यात आणि लग्नात गेले, बाबा शेतकऱ्याचे मजूर झाले. आई मिरचीच्या सातऱ्यावर जायला लागली. सातरा म्हणजे मोकळ्या जागेवर लाल मिरचीचे ढीग, बाया बसून देठं खुडतात, मजुरी वजनावर, पवनी-भिवापूर पट्ट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हेच काम. रात्री हाताची इतकी आग व्हायची की आई मला पोळ्या लाटू द्यायची आणि स्वतः हात पाण्यात बुडवून बसायची. जुलै-ऑगस्टात रोवणा, त्यात तर बायाच. पिकअपमध्ये वीस-पंचवीस बाया दाटीवाटीने उभ्या राहून दुसऱ्या तालुक्यात जातात, एकराचा ठेका घेतात, दिवसभर कमरेत वाकून. या जिल्ह्याचं धान बायांच्या कमरेवर उभं आहे, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी असतं ते तुम्हाला तुमच्या फायलीत दिसत असेलच.

धरणाचं पाणीपण एकसारखं राहिलं नाही. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, ते सगळं येऊन गोसीच्या पाण्यात साचतं. आमच्या लहानपणी नदीचं पाणी ओंजळीने प्यायचो. आणि ऑगस्ट २०२० च्या शेवटी वर मध्यप्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं तेव्हा भंडारा शहरापासून पवनी-लाखांदूरपर्यंत घरात पाणी शिरलं, धान आठवडाभर पाण्याखाली राहून सडलं. ज्या नदीच्या नावाने सगळं चालतं तिचा हा पण एक चेहरा आहे.

पण पवनीला नक्की या, फक्त दुःख ऐकायला नका येऊ. १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीला स्तूप सापडला, दोन हजार वर्षांच्या वरचा. म्हणजे आमच्या या काठाला वस्ती, व्यापार, विणकाम तेव्हापासून आहे. आमच्याकडे बौद्ध वस्ती मोठी आहे, १९५४ ला बाबासाहेब स्वतः भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. हरले, पण आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं त्या सभांबद्दल म्हातारपणापर्यंत बोलत होती.

धानकरी

ताई, वाचून काही बोलायलाच सुचत नाही. माझी मावशी पण तिकडचीच, बुडीत गावातली.

भाऊ, दुसऱ्या पिकाबद्दल एक राहिलं. पूर्वी आमच्याकडं पण दुसरं पीक होतंच, फक्त त्याला पाणी लागत नव्हतं. धान कापायच्या आधी दहा-पंधरा दिवस, बांधीत ओल असतानाच लाखोरी, जवस फेकून द्यायचे, उतेरा म्हणतेत त्याला. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. घरची डाळ निघायची, भाजी निघायची, बैलांना कुटार व्हायचं. लाखोरीनं पाय लुळे पडतेत म्हणून १९६१ ला विक्रीवर बंदी आली, तेव्हापासून तिच्याकडं वाईट नजरेनंच पाहिलं गेलं. दुष्काळात महिनोन् महिने दुसरं काहीच न खाता तीच खाल्ली तर त्रास होते हे खरं, पण वरणभात-भाजीसोबत आम्ही पिढ्यान् पिढ्या खाल्ली. आता हार्वेस्टर येते, बांधी तुडवून जाते, वरून दिवाळीनंतर गुरं मोकळी सुटतेत, एकट्यानं उतेरा टाकला तर तो गावाच्या गुरांसाठीच होते. राखण पण गावानं मिळून करायची गोष्ट होती, तीही पाणकरासारखीच गेली.

कर्जाचं म्हणाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, धानाची आधारभूत किंमत २०२४-२५ ला साधारण धानाला २३०० रुपये क्विंटल होती आणि राज्याचा बोनस हेक्टरी २० हजार, २ हेक्टरपर्यंत. हा पैसा सातबारा असलेल्याला मिळते. जो ठेक्यानं किंवा बटईनं दुसऱ्याची जमीन करते, चिखलात तोच उतरते, तुडतुड्यावर फवारणी तोच करते, त्याच्या नावावर नोंदणीच नाही. त्याला खत-औषध कृषी केंद्रवाला उधार देते आणि खळ्यावरूनच धान उचलून नेते. तो माणूस तुमच्या बँकेत कधी येतच नाही म्हणून तो तुम्हाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, पैसा हातात येते तो दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत. गावोगावी मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतेत, दंडार राहते, रात्रभर नाटक राहते, वडश्याच्या नाटक कंपन्या गाड्या भरून येतेत, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, तर आता कोर्टानं २०२३ ला मोकळा केल्यापासून पुन्हा जोरात. बाहेरून आलेले साहेब लोक म्हणतेत यांना नाटकाला पैसे आहेत आणि हप्त्याला नाहीत. त्यांना सांगा, वर्षभर चिखलात राबलेल्या माणसाचे तेच चार दिवस आहेत. हप्ता मंडई झाल्यावर, खरेदी केंद्राचे पैसे खात्यात पडल्यावर मागा, देतेत लोक. बुडवणारे थोडे, थांबलेले जास्त.

आणि चिन्नोर तांदूळ खाल्ला का अजून? भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, शिजला की शेजारच्या घरी वास जाते. उत्पादन कमी येते, उभं पीक लोळते, म्हणून लोक घरापुरता लावतेत आणि विकायला एचएमटी, जय श्रीराम या जाती. एचएमटी दादाजी खोब्रागडेंनी शोधला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा दीड एकरवाला माणूस. तुमच्या फाईलमधल्या माणसाइतकीच जमीन होती त्याची.

तुमसरकर

धानकरी भाऊ, आमच्याकडे बावनथडीचं पाणी आल्यावर काही गावांत उन्हाळी धान होतो, पण परत धानच. पाणी आलं तरी पीक बदलत नाही कारण खरेदीची हमी फक्त धानाला आहे. भाजी लावली तर नागपूरच्या बाजारात भाव पडला की गाडीभाडं सुटत नाही, धान पडून राहिला तरी सडत नाही. हे पण साहेबांनी लक्षात घ्यावं, लोक आळशी नाहीत, हिशोब करूनच धान लावतात.

कृष्णाकाठ

हा मुद्दा फार महत्त्वाचा, आमच्याकडं उसाचं तेच आहे, कारखाना उचलतो म्हणून ऊस.

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या आईंबद्दल वाचून काय लिहावं कळेना. फायली आज मुद्दाम काढून बघितल्या, गेल्या हंगामातल्या ज्या माझ्या सहीच्या आहेत त्यात बायकांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली, तीही बहुतेक विधवा. बचतगटांच्या बायका ठेक्यानं जमीन करतात त्यांना गट म्हणून देता येतं का ते वरिष्ठांशी बोलतो, काय होतंय ते इथंच कळवतो.

धानकरी भाऊ, येत्या रविवारी सुट्टी आहे. तुमच्या गावचा तलाव पाळीवरून बघायचाय, आणि पाट जिथं संपतो तिथपर्यंत चालत जायचंय. चालेल का?

धानकरी

चालेल काय, या ना जी. पण रविवारी नऊच्या आत या, नंतर आम्ही सगळे रोवण्याला जातो. मोटारसायकल शाळेजवळ लावा, पुढं पाळीवर चिखल आहे. पाटाच्या शेवटी ज्याची बांधी आहे त्याला सांगून ठेवतो, तोही आहे गावातच, यंदा त्याचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होऊन पंधरा दिवस झाले आणि अजून रोवणी व्हायची आहे.

डोंगा

मी पण येतो वडिलांना घेऊन, लीजची प्रत आणतो. आमचा तलाव तिथून दोन कोसावर आहे, दुपारी तिकडं जाऊ. झिंगे मिळाले तर जेवूनच जा.